सॉफ्ट स्मोकी आय मेकअपसाठी (डोळ्यांभोवती हलका, धुरकट पसरवलेला रंग) काळा रंग हवाच असं नाही

काळी आयशॅडो लावली की डोळे सुजल्यासारखे दिसतात, असं तुम्हालाही वाटतं का? मग पापणीवर काळा घेऊच नका, मॅट तपकिरी पुरतो. आधी पापणीच्या खोबणीत त्वचेपेक्षा जरासाच गडद रंग फिरवून घ्या, म्हणजे पुढचा रंग त्यात छान मिसळतो आणि कड दिसत नाही.

खरी जादू काजळात आहे. पेन्सिल काजळ वरच्या पापणीच्या केसांच्या अगदी मुळाशी लावा आणि सुकायच्या आत छोट्या ब्रशने वर पसरवा. वॉटरप्रूफ असेल तर एकेक डोळा पूर्ण करा; दोन्हीकडे लावून बसलात तर पहिल्या डोळ्याचं काजळ हलतच नाही. त्यावर तपकिरी शॅडो थोपटून बसवा. घासलीत की गालावर झडते. म्हणूनच मी फाउंडेशन नेहमी डोळ्यांनंतर लावते.

खालच्या कडेला शॅडो फक्त बाहेरच्या बाजूला, साधारण एक तृतीयांश भागात. आतल्या कोपऱ्यापर्यंत नेली तर चेहरा थकलेला वाटतो. रात्रीच्या मंद उजेडात रंग थोडे फिके दिसतात, त्यामुळे किंचित गडद ठेवायला हरकत नाही. मस्कारा मात्र भरपूर!