शब्द हवा आहे: झुडपातलं पाखरू उठवणारा 'शांत' कुत्रा

सरळरेघ
कुत्र्यांच्या जातींवरच्या एका इंग्रजी हस्तपुस्तिकेचं भाषांतर करते आहे. बाकी प्रकरणं सुरळीत गेली, एका वाक्यावर तीन दिवस अडकले आहे. आशय असा: दाट झाडोऱ्यात दडून बसलेली पाखरं, ससे बाहेर काढण्यासाठी कामाचा कुत्रा घ्यायचा आहे आणि तो 'काम' हवा आहे, तर कोणती जात निवडावी. (हा दुसरा 'काम' इंग्रजीतला calm, म्हणजे शांत; आपलं काम नव्हे. पहिल्याच ओळीत घोटाळा झाला बघा.)

फ्लश, कव्हर, गेम आणि हा काम, अशा चार शब्दांनी छळलंय. यंत्राला विचारलं, तर 'आच्छादनातून खेळ फ्लश करणारा शांत कार्यरत श्वान' असं उत्तर आलं. खेळ! वाचून मलाच कुठेतरी दडी मारावीशी वाटली. मदत करा.

कोशवाळवी
गेमला 'सावज' घ्या. 'शिकार' नको, कारण मराठीत शिकार म्हणजे ती क्रियाही आणि मारून आणलेलं जनावरही. सावज मात्र अजून जिवंत असतं, हातून निसटू शकतं. शिवाय सावज हा संस्कृतातल्या 'श्वापद'चा झिजून झालेला शब्द, आणि श्वापद म्हणजे कुत्र्यासारखे पाय असलेलं जनावर. ज्याच्या मागे कुत्रा सोडायचा, त्याच्या नावात कुत्रा आधीच दडलेला आहे.

फ्लशसाठी सरळ 'उठवणे'. नवा शब्द पाडायची गरजच नाही. आपल्याकडे पाखरू बसतं, ससा बसतो, आणि चाहूल लागली की उठतो. 'झुडपातून ससा उठला' हे वाक्य कुणाला समजावून सांगावं लागत नाही. रान उठवणं तर लोक आता सभेतसुद्धा करतात.

अडाणीपंडित
'उठवणे' फारच सौम्य. सकाळी पोरांना उठवतात. 'हुसकणे' किंवा 'हाकारणे' का नको? त्यात जरा जोर आहे.

कोशवाळवी
जोर आहे, पण दिशा चुकते. हुसकण्यात नकोशाला घालवून देणं आहे. कावळा हुसकला की तो कुठे गेला याच्याशी आपल्याला देणंघेणं नसतं. इथे तर सावज कुठून, कधी आणि किती अंतरावर बाहेर पडतं यावरच सगळा खेळ (हा खेळ चालेल). हाकाऱ्यात 'हाक' आहे. माणसं रांगेने आरडाओरडा करत, डबे-ढोल वाजवत पुढे सरकतात तो हाका. कुत्रा नाकाने काम करतो आणि जमेल तितका गप्प राहून करतो, त्याला हाकारा कसा म्हणणार?

'उडवणे' कुणी सुचवायच्या आत सांगतो: 'पक्षी उडवला' म्हटलं तर ऐकणाऱ्याला गोळी घातली असंही वाटेल. आणि ससा कसा उडवणार?

टिपूर
'फ्लश' तसाच ठेवला तर? 'फ्लश करणारा कुत्रा'.

तिरकसवाचक
ठेवा की. असा कुत्रा घरात असता तर निम्मी भांडणं मिटली असती.

पानझड
माझ्याकडे आधी इंग्लिश स्प्रिंगर स्पॅनिएल होता, आता वेल्श स्प्रिंगर आहे (स्पॅनिएल म्हणजे सावज उठवणाऱ्या कुत्र्यांचा गट, स्प्रिंगर, कॉकर या त्यातल्या जाती). म्हणून कोशाआधी कुत्र्याबद्दल बोलतो. कोशवाळवींचा 'उठवणे' अगदी नेमका बसतो, आणि त्याचा पुरावा इंग्रजीतच आहे. स्प्रिंगर हे नाव उड्या मारतो म्हणून पडलेलं नाही. सावजाला 'स्प्रिंग' करणं, म्हणजे दडल्या जागेवरून उठवणं, हे त्याचं काम. बंदुका येण्याआधी हे कुत्रे पाखरं उठवायचे ती जाळ्यात पाडायला किंवा शिकारी ससाण्यांसाठी. ससाणे बाळगणारे आजही स्पॅनिएल वापरतात. कॉकरचं नाव वुडकॉक या पाखरावरून. स्प्रिंगर आणि कॉकर या फार काळ वेगळ्या जातीही नव्हत्या. एकाच विणीतली दांडगी पिल्लं स्प्रिंगर, लहानखुरी कॉकर. जातींची नोंद ठेवणाऱ्या इंग्लंडच्या केनेल क्लबने स्प्रिंगरला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली ती 1902 मध्ये.

पॉइंटर आणि सेटर यांच्याशी गल्लत करू नका, त्यांचं काम उलटं असतं. वास लागला की पॉइंटर नाक रोखून पुतळा होतो. सेटर पूर्वी जमिनीला चिकटून बसायचा, म्हणजे त्याच्यावरून जाळं ओढता यायचं. सावज कुठे आहे ते हे दाखवतात. स्पॅनिएल दाखवत बसत नाही, आत घुसून उठवतो. त्यामुळे पॉइंटर दूरवर गेला तरी चालतं, तो तुमची वाट पाहत उभा राहतो. स्पॅनिएलने मात्र बंदुकीच्या टप्प्यातच फिरायला हवं, साधारण 25-30 मीटरच्या आत. त्याने 60 मीटरवर पाखरू उठवलं तर तुम्ही फक्त टाळ्या वाजवायच्या.

तो काम करताना शेपटीकडे बघायचं. डावी-उजवीकडे नागमोडी फिरत असतो तेव्हा शेपूट एका लयीत हलत असते. वास ताजा लागला की ती लय तुटते, शेपटीसकट कंबर थरथरायला लागते, नाक जमिनीला टेकतं, फुसफुस ऐकू येते. मग डोकं काटेरी जाळीत, खांदे जाळीत, बाहेर नुसते मागचे पाय. क्षणभर काहीच नाही. एकदम पंखांचा फडफडाट, फेझंटचा नर असेल तर त्याची कर्कश ओरड, आणि पाखरू सरळ वर.

सरळरेघताई, तुमचा 'काम' शब्द इथे येतो. नेमक्या याच क्षणी कुत्र्याने बूड टेकून बसायचं असतं. पाखरू उठलं की कुत्रा बसला पाहिजे. स्पॅनिएलला बसवण्याचा जुना हुकूमही 'हप' असा तोडून टाकलेला, तो एवढ्यासाठीच. धावला तर खाली उडणाऱ्या पाखरामागे जाऊन बंदुकीच्या रेषेत येईल, शिवाय वाटेतली उरलेली पाखरं टप्प्याबाहेर उठवत जाईल. बसला तर पडलेलं पाखरू कुठे पडलं ते त्याला दिसतं, आणि सांगितल्यावर जाऊन आणता येतं.

अडाणीपंडित
पाखरू उठतं आणि कुत्रा बसतो. 'उठवणे'वरचा माझा आक्षेप मागे घेतला.

टिपूर
'जाती'ऐवजी 'प्रजाती' लिहावं का? जात म्हटलं की वेगळंच काही डोळ्यांपुढे येतं.

कोशवाळवी
कृपया नको. सगळे कुत्रे मिळून एक प्रजाती, स्प्रिंगर ही त्यातली जात. संकोचापोटी शास्त्र चुकवू नये. आंब्याच्या जाती म्हणताना कुणी संकोचत नाही.

सरळरेघ
'जात' ठरली. 'वर्किंग'चं मी 'कामाचा' केलं आहे. 'कामकरी' म्हटलं की मधमाशी आठवते, आणि 'कार्यरत' म्हटलं की कुत्रा टेबलामागे फाइल उघडून बसलेला दिसतो. कव्हरचं काय करू? 'आडोसा' लिहिलं होतं.

अडाणीपंडित
आडोसा वाऱ्यापावसापासून असतो, नाहीतर लोकांच्या नजरेपासून. 'आच्छादन' शेतीच्या माहितीपत्रकात शोभतं. इथे पायाखालचं दाट, गुंतलेलं, वाट न देणारं रान अभिप्रेत आहे, ते 'गचपण'. काटेरी वेलीझुडपांचा गुंता असेल तर 'जाळी'. दोन्ही वापरा, पुस्तिकेतही एकच प्रकार नसणार.

सरळरेघ
'गचपण' झकास. आता उरला 'काम'. मी 'शांत' लिहिलं, पण पानझड यांचं वर्णन वाचून शंका आली. शेपटीसकट कंबर थरथरणाऱ्या कुत्र्याला शांत म्हणायचं?

टिपूर
'गरीब' कसं वाटतं? गरीब गाय म्हणतो तसं. 'गरीब स्वभावाचा कुत्रा'.

तिरकसवाचक
गरीब कुत्रा काट्यात डोकं घालणार नाही. तो तुमच्याकडे बघेल, काट्यांकडे बघेल आणि परत तुमच्याकडे बघेल.

पानझड
तिरकसवाचक थट्टेत खरं बोलून गेले. 'शांत' शब्द वाचून लोक नेमकी हीच चूक करतात. दोन जातींकडे बघा.

क्लंबर स्पॅनिएल. नाव नॉटिंगहॅमशरमधल्या क्लंबर पार्कवरून, ती न्यूकासलच्या ड्यूक मंडळींची जहागीर होती. पांढरा, लिंबू किंवा नारिंगी खुणांचा, बुटका आणि जड. नर 30 किलोच्या पुढे सहज जातो. स्प्रिंगर जिथे उड्या मारत जातो तिथे हा रणगाड्यासारखा गचपण दाबत जातो. संथ, जवळ राहणारा, आणि काम करताना मुका. 'काम' म्हटल्यावर पहिलं नाव याचंच घेतात. बाकी नितंबाच्या सांध्याचे आणि पापण्यांचे त्रास या जातीत आढळतात, ते तपासून घ्यावं लागतं.

आता ससेक्स स्पॅनिएल. तोही ठेंगणा, संथ, सोनेरी झाक असलेला तपकिरी, घरात तासन्‌तास पसरलेला. पण वासावर लागला की भुंकतो. बाकीचे स्पॅनिएल सहसा गप्प काम करतात, याची ती खासियतच आहे. गचपण इतकं दाट असेल की कुत्रा दिसतच नाही, तर त्याच्या आवाजावरून तो कुठे आहे हे कळतं. मग ससेक्सला शांत म्हणायचं की नाही?

कोशवाळवी
एका 'शांत'मध्ये तीन गोष्टी कोंबल्या आहेत: आवाज नसणं, वेग नसणं आणि उतावीळपणा नसणं. क्लंबरला पहिल्या दोन्ही लागू. ससेक्सला दुसरी, पहिली नाही. कामाचा चांगला स्प्रिंगर गप्प असतो पण वेगवान, म्हणजे पहिली लागू, दुसरी नाही. पुस्तिकेला हवी आहे ती तिसरी, आणि ती यांपैकी कुणातही असू शकते किंवा नसू शकते. बरोबर ना?

पानझड
अगदी बरोबर. माझा पहिला स्प्रिंगर घरात कमालीचा शांत होता. पिल्लू दाखवणाऱ्याने 'एकदम शांत आहे हो' सांगितलं आणि मी घेतलं. पहिल्याच हंगामात एका सशामागे टेकडीपलीकडे गेला. मी शिट्टी फुंकून फुंकून दमलो. पाऊण तासाने परतला तो जीभ लोंबकळत, कान फाटलेला, चेहऱ्यावर अपार समाधान. तो शांत नव्हता, पेंगुळलेला होता. शांत समजून पेंगुळलेला कुत्रा घेऊन येणारे पुष्कळ.

आताची वेल्श स्प्रिंगर कुत्री घरात एका जागी बसत नाही, पण पाखरू उठलं की खिळा ठोकल्यासारखी बसते. सगळं अंग ताणलेलं, डोळे पाखरावर, पण बूड जमिनीला. (या जातीत लाल-पांढरा एवढाच रंग असतो. थोडी हट्टी म्हणतात, ते खरं आहे.) याला मराठीत काय म्हणाल?

कोशवाळवी
'दम'.

शांत हा शम् धातूचा, म्हणजे निवलेला, विझलेला. संस्कृतात शम आणि दम अशी जोडी येते. शम म्हणजे आतली खळबळच निमणं, दम म्हणजे खळबळ असूनही ती आवरणं. पानझड यांच्या कुत्रीत शम नाही, दम आहे. मराठीत फारसीतला दम, म्हणजे श्वास, येऊन मिसळला आणि आपलं काम आणखी सोपं झालं. 'दम धर' म्हणजे थांब. 'अंगात दम आहे' म्हणजे ताकद आहे, टिकाव आहे. 'दमाने घ्या' म्हणजे उतावीळ होऊ नका. दिवसभर गचपणात घुसायचं आणि हवं तेव्हा थांबायचं, दोन्ही एकाच शब्दात आलं. 'दमाचा कुत्रा' लिहा.

तिरकसवाचक
वाचक विचारतील, औषध कोणतं चालू आहे?

कोशवाळवी
तो 'दम्याचा' कुत्रा. दमा, दम्याचा. दम, दमाचा. एका यकाराचा फरक आहे.

अडाणीपंडित
फरक खरा, पण घाईत वाचणारा अडखळेलच. शिवाय 'दम देणारा कुत्रा' असाही कुणी घेईल. 'दमाने काम करणारा' असं क्रियाविशेषण केलं तर दोन्ही धोके टळतात.

टिपूर
+१. आणि 'काम' शब्दही आपोआप आला, आपला वाला.

पानझड
'दमाने' मला पटलं. फक्त सरळरेघताई, 'जात निवडा' याच्याबरोबर आणखी एक गोष्ट यायला हवी. स्प्रिंगर, कॉकर या जातींत कामाचे आणि प्रदर्शनाचे कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या वेगळे पैदा केले गेलेत. नाव एक, पण बांधा वेगळा, कान-केस वेगळे, अंगातली ओढ वेगळी. प्रदर्शनातला देखणा जास्त निवांत असेल, पण काट्यात घुसेलच असं नाही. कामातला घुसेल, पण नवख्याच्या हाताला झेपेलच असंही नाही. मूळ पुस्तिकेत यावर काही आहे का?

सरळरेघ
पुढच्याच परिच्छेदात आहे, 'लाइन' म्हणतात त्याला. मी 'ओळ' करणार होते, आता 'घराणं' करते. कामाचं घराणं, प्रदर्शनाचं घराणं. गाण्यातलं आयतं मिळालं.

मग असं चालेल का: 'गचपणात दडलेलं सावज उठवण्यासाठी दमाने काम करणारा कुत्रा हवा असेल, तर जातीइतकंच त्याचं घराणं पाहा.'

पानझड
घराणं कागदावर सगळेच पाहतात, माझ्या पहिल्याचंही कागदावर उत्तम होतं. शेवटी 'आणि आईबापांना काम करताना पाहा' एवढं जोडता आलं तर बघा.

सरळरेघ
मूळ लेखकाने तेच चार ओळींनंतर म्हटलंय, तिथे घेते. सगळ्यांचे आभार. पुढचं प्रकरण पडलेलं पाखरू न चावता आणून देणाऱ्या रिट्रीव्हरवर आहे. 'सॉफ्ट माउथ'ला 'मऊ तोंड' लिहू का?

तिरकसवाचक
दमाने घ्या. नवा धागा काढा.