हसतंय कोण, तेही बघा

"कृष्णवर्णीय कलाकार स्वतःच आपल्या लोकांवर विनोद करतात, मग त्यात नुकसान कसलं?" हा नेहमीचा मुद्दा मला अजिबात पटत नाही. डेव्ह शॅपेल या कृष्णवर्णीय अमेरिकन विनोदवीराचंच बघा ना. २००५ मध्ये सुमारे ५ कोटी डॉलरचा करार सोडून तो स्वतःच्या विनोदी टीव्ही कार्यक्रमाच्या चालू चित्रीकरणातून थेट दक्षिण आफ्रिकेला गेला. त्यामागचं एक कारण त्याने नंतर मुलाखतकार ऑप्रा विन्फ्रीला सांगितलं. तोंडाला काळं फासलेल्या परीचं सोंग (कृष्णवर्णीयांची टर उडवायला गोरे नट पूर्वी असंच काळं फासत) तो करत होता आणि सेटवरचा एक गोरा माणूस हसला. ते हसणं त्याला झोंबलं. लिहिणारा तोच, करणारा तोच, तरीही!

'अ‍ॅमॉस अँड अँडी' ही कृष्णवर्णीय पात्रांची अमेरिकन विनोदी मालिका १९५१ मध्ये टीव्हीवर आली तेव्हा कृष्णवर्णीय नटांना काम मिळालं, हे मान्य. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. पण एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेची तक्रार रास्तच होती: त्यातला डॉक्टर भोंदू, वकील लबाड आणि भित्रा. गोऱ्या वकिलाची टर उडवली तरी दुसऱ्या मालिकेत चांगला गोरा वकील दिसायचाच. कृष्णवर्णीयांसाठी तशी दुसरी मालिका होती कुठे?