बाली: एका दिवसात देवळं आणि कारागिरांची गावं, सासूबाईंचा गुडघा सांभाळून

डोंबिवलीचा_जावई
नमस्कार मंडळी. मार्च 2026 मध्ये बालीला निघालोय. मी, बायको आणि सासूबाई (वय 69, उजवा गुडघा कुरकुरतो). मुक्काम उबुदला. 18 तारखेला रात्री पोचणार आणि 19 ला, म्हणजे ऐन पाडव्याला, गाडी करून दिवसभर फिरायचा बेत आहे. ट्रॅव्हलवाल्याने यादी पाठवलीय: बातुबुलानला बारोंग नाच आणि पाथरवट, तोहपातीला बाटिक (मेणाने नक्षी काढून रंगवलेलं कापड), चेलुकला चांदी, बातुआनचं देऊळ, मासला लाकूडकाम, मग गोआ गजा, गुनुंग कावी, तीर्थ एम्पुल ही जुनी देवस्थानं आणि जाता जाता भातखाचरं. सासूबाईंना देवळं हवीत, बायकोला कारागीर बघायचेत, मला वेळेवर जेवण मिळालं तरी चालेल. एवढं सगळं एका दिवसात होतं का?

मिरजेची_मुलगी
अहो थांबा, आधी तारीख बदला! 19 मार्चला तिथे न्येपी आहे, म्हणजे बालीतल्या हिंदूंचं नवं वर्ष. त्यांचंही शकच चालतं, 1948 सुरू होणार, आपल्यासारखंच. पण आपण गुढी उभारून श्रीखंड खातो आणि त्यांच्याकडे अख्खं बेट गप्प बसतं. रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही, दिवे मंद, विमानतळसुद्धा चोवीस तास बंद. पर्यटकांनीही हॉटेलच्या आवारातच राहायचं. कुठली गाडी आणि कुठली टूर? तुमच्या ट्रॅव्हलवाल्याला हे माहीत नसेल तर बाकीची यादीही नीट तपासून घ्या.
मात्र 18 ला दुपारीच पोचता आलं तर बघा. त्या संध्याकाळी ओगोह-ओगोह निघतात, राक्षसांचे अक्राळविक्राळ पुतळे खांद्यावर घेऊन. ईदही त्याच आठवड्यात येतेय, तेव्हा रस्त्यांना गर्दी असणार.

डोंबिवलीचा_जावई
बाप रे. वाचवलंत. विमान 17 चं करतोय, टूर 24 ला. आता यादीचं सांगा.

हुपरीकर
आमचं घर हुपरीचं, तीन पिढ्या पैंजणांच्या धंद्यात. त्यामुळे मी बालीत देव कमी आणि चांदी जास्त बघितली, हे आधीच सांगून टाकतो.

नऊ ठिकाणं होत नाहीत. बातुबुलान, चेलुक, बातुआन, मास ही गावं देनपासारहून उबुदला येणाऱ्या रस्त्याच्या आसपास आहेत आणि तीर्थ एम्पुल, गुनुंग कावी पार उत्तरेला ताम्पाकसिरिंगला. सकाळी आठला आधी वर जा. तीर्थ एम्पुल इ.स. 962 चं, झऱ्याचं पाणी कुंडात उसळतं आणि ओळीने लावलेल्या तोट्यांतून पडतं. बसेस यायच्या आत पोचलात तर सासूबाईंना निवांत दर्शन होईल, चढ-उतारही फारसा नाही. गुनुंग कावी मात्र कट करा. कड्यात कोरलेली अकराव्या शतकातली दहा स्मारकं, एकेक सात मीटरच्या आसपास, बघण्यासारखीच. पण उतरायला तीनशेच्या आसपास पायऱ्या, परत चढायलाही तेवढ्याच, आणि त्या गुडघ्याला विचारून बांधलेल्या नाहीत. गोआ गजाला त्यामानाने कमी पायऱ्या. तिथल्या गुहेत डाव्या हाताला गणपती, उजवीकडे तीन लिंगं.

आता चेलुक. ड्रायव्हर तुम्हाला एसी शोरूमला नेणार, कारण तिथे त्याचं कमिशन असतं. दारात एक कारागीर दाखवायला बसवलेला असतो, त्याचा फोटो काढला की मंडळी आत. मी ड्रायव्हरला म्हटलं, दादा, मी सोनाराचा पोरगा आहे, मला दुकान नको, घर दाखव. तो हसला आणि एका बोळात घेऊन गेला. अंगणात एक म्हातारा मांडी घालून बसलेला. चांदीचे मोहरीहून बारीक रवे ब्रशाच्या ओल्या टोकावर उचलायचा आणि पदकावर एकेक मांडत जायचा. मग पायाने पंप दाबून ज्योत वाढवायची, झाळ लागली की सगळे रवे जागच्या जागी पक्के. मी विचारलं, झाळ लागेपर्यंत रवे सरकत कसे नाहीत? त्याने एक वाटी पुढे केली. लाल बिया, तोंडाला काळा ठिपका. गुंज! आमच्या आज्ज्याच्या तराजूत ह्याच असायच्या, आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. आम्ही वजनाला वापरल्या, हा माणूस पाण्यात उगाळून डिंकासारख्या लावत होता. भाषा एक अक्षर जुळत नव्हती, पण पाऊण तास मी तिथून हललो नाही. बायको गाडीत चिडून बसली होती.

एक ठेच सांगतो. दुसऱ्या दिवशी रस्त्यावरच्या एका टपरीवर 925 चा शिक्का (म्हणजे 92.5 टक्के चांदी) बघून मी अंगठी घेतली. मी! सोनाराचा पोरगा! घरी कानशीने घासली तर आत तांबं. भावाने अजून ती देव्हाऱ्याशेजारी खुंटीला लावून ठेवलीय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला.

दुपारी मास किंवा बातुआन, दोन्ही नको. भातखाचरं गाडीतून दिसतातच.

मिरजेची_मुलगी
मास घ्या. मुखवटे करणारे लाकूड पायाच्या तळव्यांत धरून पटाशी चालवतात, बघून आपल्याच अंगावर काटा येतो. मुखवट्यांना पुले नावाचं हलकं लाकूड लागतं, ते आपल्या सातवीणचं.
बाकी बारीकसारीक: कंबरेला लुंगीसारखं सारोंग आणि वर पट्टा बांधल्याशिवाय देवळात सोडत नाहीत, दारात मिळतं. पाळी चालू असेल तर आत जायचं नाही, पाटीच असते. जमिनीवर नारळीच्या पानाच्या छोट्या परड्या दिसतील, फुलं आणि वर उदबत्ती. त्या नैवेद्याच्या, ओलांडू नका.
सासूबाई शाकाहारी असतील तर गाडो-गाडो (शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्या) आणि तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) सांगा, पण तेरासी नको हे आवर्जून सांगा. तो आंबवलेल्या कोळंबीचा लगदा असतो आणि सांबालमध्ये (मिरचीच्या चटणीत) हमखास घालतात. पापडातही कोळंबी असू शकते, विचारून खा.

डोंबिवलीचा_जावई
ठरलं: तीर्थ एम्पुल, गोआ गजा, जेवण, मास, चेलुक. सगळं वाचून दाखवलं. सासूबाई गुंजांपाशीच थांबल्या. आईच्या लाकडी डब्यात होत्या म्हणे, भावाने खेळताना विहिरीत टाकल्या, त्याचा राग 60 वर्षं धरून आहेत. देऊळ एखादं कमी झालं तरी चालेल, पण त्या म्हाताऱ्याचा बोळ सापडलाच पाहिजे, असा हुकूम झालाय. हुपरीकर, खुणेचं काही आठवतं का? बायको विचारतेय, बाटिकचं काय झालं.