८ डिसेंबरचा सण: गर्भसंभव नक्की कोणाचा?

नवी_सून

मी प्रोटेस्टंट घरातली, लग्न करून कॅथलिक घरात आले. ८ डिसेंबरला सासूबाईंबरोबर पहिल्यांदाच मिस्साला (कॅथलिक चर्चमधल्या उपासनेला) गेले. सणाचं नाव ‘निष्कलंक गर्भसंभव’ आणि शुभवर्तमान वाचलं ते लूक १:२६ पासूनचं, गब्रीएल दूत येशूच्या आईकडे, मारियेकडे येतो ते. मग मला वाटलं, कुमारीच्या पोटी येशू आला त्याचाच हा सण. बाहेर पडताना सासूबाईंना विचारलं, “म्हणजे आज पोटात आला आणि २५ला जन्म? सतरा दिवसांत?” त्या पायरीवरच थांबल्या. म्हणाल्या, “अगं, येशूचा नाही, मारियेचा!” पुढे समजावायला लागल्या आणि ‘तिला आदिपाप नव्हतं’ इथपर्यंत येऊन स्वतःच अडकल्या. दोघी हसत सुटलो.

आता माझे प्रश्न. आदिपापच नव्हतं, तर तिला तारणारा कशाला हवा? आणि तिची आईही निष्पाप होती असं मानायचं का? मग आजी, पणजी... कुठवर जायचं? वाद घालायचा नाहीये, खरंच समजून घ्यायचंय.

खडूफळा

बावीस वर्षं धर्मशिक्षणाचे वर्ग घेतेय. तुझा घोळ दरवर्षी निम्म्या वर्गाचा होतो, आणि दोष त्या वाचनाचाच आहे. सण मारियेच्या गर्भसंभवाचा, पण तिच्या जन्माबद्दल बायबलमध्ये ओळ नाही, मग वाचणार काय? म्हणून दूत तिला ‘कृपापूर्ण’ म्हणतो तो भाग घेतात.

मी मुलांना बोटांवर महिने मोजायला लावते. ८ डिसेंबर ते ८ सप्टेंबर, नऊ महिने: मारियेचा जन्मसण. २५ मार्च ते २५ डिसेंबर, नऊ महिने: येशूचा. दोन जोड्या वेगळ्या ठेवल्या की अर्धा गुंता तिथेच सुटतो.

आईचं आधी सांगते, ते सोपं आहे. हान्ना आणि योआकिम ही नावंसुद्धा बायबलबाहेरच्या, दुसऱ्या शतकातल्या एका लिखाणातून आली. चर्चच्या शिकवणीत ते दोघं साधे नवरा-बायको. मारिया चारचौघींसारखीच पोटी आली. वेगळं झालं ते तिच्या आत्म्याच्या बाबतीत, देवाच्या कृपेने, आईकडून वारशाने नव्हे. त्यामुळे पणजीपर्यंत जायची गरजच नाही.

आता आदिपाप. ‘पाप’ म्हटलं की आपल्याला केलेलं कृत्य दिसतं. तान्ह्या बाळाने काय केलंय? कॅथलिक शिकवणीत आदिपाप हे आपण केलेलं पाप नव्हे, आदामापासून आपल्या वाट्याला आलेली अवस्था आहे: जी पवित्रता मिळायला हवी होती तिच्याविनाच जन्माला येणं.

तुझा पहिला प्रश्न मात्र भल्याभल्यांना पुरून उरलाय. तेराव्या शतकात डोमिनिकन धर्मपंडित थॉमस अक्वायनस याच जागी थांबला: मारियेला आदिपाप कधी लागलंच नसेल, तर ख्रिस्त सगळ्यांचा तारणारा कसा? त्याच्यानंतर फ्रान्सिस्कन धर्मपंडित डन्स स्कोटसने (मृत्यू १३०८) तो प्रश्न उलटवला. लागलेलं पाप धुणं हे तारण, तसं लागूच न देणं हेही तारणच, किंबहुना जास्त पूर्ण.

मी हे बाटिकवरून शिकवते. एकदा वर्गात खरंच पांढरा रुमाल घेऊन गेले होते. एका कोपऱ्यावर वितळलेलं मेण ब्रशने लावलं आणि अख्खा रुमाल निळीत बुडवला. मेण काढल्यावर तो कोपरा पांढराच. (माझी बोटं आठवडाभर निळी, ते सोडा.) मुलांना विचारलं, कोपरा पांढरा राहिला तो स्वतःच्या गुणाने का? मागच्या बाकावरून उत्तर आलं, “नाही टीचर, मेणाने.” तेच ते. मेण म्हणजे येशूची पुण्याई, क्रूस घडायच्या आधीच तिला लावलेली. म्हणून लूक १:४७मध्ये मारिया देवाला ‘माझा तारणारा’ म्हणते ते आम्हाला अडचणीचं वाटत नाही.

फक्त_वचन

ताई, रुमाल आवडला, पण मेण लावल्याचं वचन कुठे आहे? रोम ३:२३ म्हणतं, सर्वांनी पाप केलं आहे. आणि जी गोष्ट १८५४ साली ठरते, ती प्रेषितांची शिकवण कशी?

खडूफळा

‘मारियेला आदिपाप नव्हतं’ असं सरळ वचन नाही, हे मी वर्गातही सांगते. लूकमधला ग्रीक शब्द ‘केखारितोमेनी’ म्हणजे जिच्यावर कृपा होऊन ती तशीच टिकली आहे अशी. पण एकट्या त्या शब्दावर सगळं उभं राहत नाही. आमच्याकडे परंपरेलाही वजन आहे, तुम्हा प्रोटेस्टंटांकडे तसं नाही. खरा फरक तिथे आहे, मारियेत नंतर.

१८५४चं म्हणाल, तर त्या ८ डिसेंबरला पोप नववे पायस यांनी ही शिकवण श्रद्धासिद्धांत म्हणून जाहीर केली. सण त्याच्या कित्येक शतकं आधीपासून चालू होता. वादही जुनाच. डोमिनिकन आणि फ्रान्सिस्कन हे दोन संन्यासी संघ इतके हमरीतुमरीवर आले होते की १४८३ साली पोप चौथे सिक्स्टस यांना ताकीद द्यावी लागली: एकमेकांना पाखंडी म्हणायचं नाही! १५४६ साली ट्रेंटच्या धर्मसभेने आदिपापावर ठराव केला, तेव्हाही मारियेला त्यात धरण्याचा आपला हेतू नाही असं मुद्दाम लिहून ठेवलं.

पूर्वेकडचा

ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडच्या चर्चच्या बाजूने दोन ओळी. आम्हीही मारियेला ‘सर्वपवित्र’ म्हणतो, पण हा सिद्धांत मानत नाही. आदामाकडून आपल्याला मरण आणि दुबळेपण आलं, त्याचा दोष नव्हे, असं आमचं म्हणणं. मग तिला वेगळं काढायची गरजच उरत नाही.

नवी_सून

सगळ्यांचे आभार. काल रात्री भांडी विसळताना सासूबाईंना महिने मोजून दाखवले आणि रुमालाचंही सांगितलं. त्यांनी ओला हात पुसला आणि म्हणाल्या, “बरं, पण आदिपाप नाही तर तिला मरण आलं की नाही?” आता याचं काय सांगू?

खडूफळा

सासूबाईंना वर्गात पाठव! १९५० साली बारावे पायस यांनी मारियेच्या स्वर्गोन्नयनाचा (देहासह स्वर्गात घेतलं जाण्याचा) सिद्धांत जाहीर केला, त्यात फक्त ‘पृथ्वीवरचं आयुष्य संपल्यावर’ एवढंच म्हटलंय. मेली की नाही, ते मुद्दामच उघडं ठेवलं. यावर नवा धागा काढ, इथे सुरू केलं तर रात्र होईल.