कौलारू घराच्या छपरातच सौर पॅनेल बसवावीत का?

प्रश्न (खानापूर)
खानापूर तालुक्यातील (जि. बेळगाव) आमचे जुने मंगळुरी कौलांचे घर उतरवून त्याच जोत्यावर नवे बांधायचे ठरले आहे. घराचे रूप कौलारूच राहावे, अशी वडिलांची इच्छा आहे; पॅनेल मागाहून चढवलेली उपरी वस्तू न वाटता छपराचाच भाग व्हावीत, अशी माझी. कौलांऐवजी थेट पॅनेलच घातली, तर आमच्याकडच्या पावसात ते छप्पर टिकेल का? उतार पूर्व-पश्चिम आहेत.

उत्तर (वास्तुविशारद, टिळकवाडी)
हे आपण बांधकामाआधी विचारलेत, हे फार बरे झाले. तसे छप्पर करता येते, परंतु खानापूरच्या पावसात मी ते सुचवणार नाही. पाणी काचेतून नव्हे, तर पॅनेलांच्या सांध्यांतून उतरते आणि तेथील रबरी पट्ट्या उन्हाने कडक होतात. म्हणून खाली पत्र्याचा अखंड थर, त्यावर रूळ व पॅनेल, आणि भोवती कौले अशा बेताने घालावीत की दोन्हींची पातळी जुळून उतार एकसंध दिसेल. पत्रा व पॅनेल यांमध्ये चार ते सहा इंच पोकळी ठेवून वळचणीतून हवा आत व आढ्यापाशी बाहेर जाऊ द्यावी. पॅनेलमधील सेलचे (वीज तयार करणाऱ्या घटकांचे) तापमान 25 अंशांच्या वर गेले की प्रत्येक अंशामागे साधारण 0.3 ते 0.4 टक्के वीज घटते, शिवाय कोंडलेली उष्णता माळ्यावर उतरते. वजनाची काळजी नको, कारण कौले पॅनेलांहून कितीतरी जड असतात.

दिशेचीही फार चिंता नसावी. आपला भाग सुमारे 16 अंश उत्तर अक्षांशावर आहे; मेच्या आरंभापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो, त्यामुळे दक्षिण उतार सरस असला तरी पूर्व-पश्चिम उतारांवरची घट मर्यादित राहते. मात्र दोन्ही उतारांच्या पॅनेलमाळा (एकमेकांना जोडलेल्या पॅनेलांच्या रांगा) इन्व्हर्टरला स्वतंत्र जोडाव्यात. भिंतीवर पॅनेल लावण्याच्या मोहात पडू नये, कारण इतका डोक्यावरचा सूर्य उभ्या भिंतीला फार थोडा मिळतो.

उत्तर (शहापूर, बेळगाव)
आमच्याकडे हा विचार स्लॅब टाकून झाल्यानंतर झाला. पॅनेलांच्या खांबांसाठी स्लॅबला भोके पाडावी लागली, पहिल्याच पावसाळ्यात खालच्या खोलीत ओल आली, आणि पाण्याच्या टाकीची सावली पॅनेलांवर पडते ती वेगळीच. वायरींसाठी नळी आत्ताच भिंतीत घालून ठेवा. हेस्कॉमचा (आपल्याकडील वीज कंपनीचा) पुरवठा खंडित झाला की वाहिनीवर काम करणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी साधी जाळेजोड (कंपनीच्या वाहिनीला जोडलेली) सौर यंत्रणाही बंद होते. तेव्हा वीज हवी असेल, तर बॅटरीची व तिला साजेशा इन्व्हर्टरची सोय धरावी. 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे, परंतु पॅनेलमधील सेल देशी बनावटीचे असावे लागतात.

प्रश्नकर्ता (खानापूर)
दोघांचेही मनापासून आभार. पश्चिमेला आजोबांनी लावलेला फणस आहे आणि दुपारनंतर त्याची सावली त्या उतारावर येते. तो तोडायची कोणाचीच तयारी नाही.

उत्तर (वास्तुविशारद, टिळकवाडी)
तोडूही नका. 3 किलोवॅटची पॅनेल साधारण दीडशे ते पावणेदोनशे चौरस फुटांत बसतात. तेवढी जागा पूर्व उतारावर निघत असेल, तर सगळी तेथेच घ्या आणि पश्चिमेला नुसती कौले राहू द्या.