मदत हवी आहे: टारगेट शूटिंगसाठी पिस्तुलाचं लायसन्स

नमस्कार मंडळी, मी इंदूरला रामबागेत राहते, वय २४. आठ महिने झाले १० मीटर एअर पिस्तूल करतेय, त्याला लायसन्स लागत नाही म्हणून क्लबच्याच पिस्तुलावर हात बसवला. टारगेटवरचा दहाचा गोल जेमतेम साडेअकरा मिलिमीटरचा, शर्टाच्या बटणाएवढा, आणि एका हाताने किलोभर वजन धरून श्वास रोखला की मनगटातली नाडीसुद्धा जाणवते, पण पेलेट (छर्रा) मधोमध बसलं की दिवस सार्थकी लागतो!

राही सरनोबतचं २०१८ च्या एशियाडमधलं २५ मीटरचं गोल्ड बघितल्यापासून मनात तेच आहे, आता पॉइंट २२ कडे, म्हणजे खऱ्या गोळीच्या पिस्तुलाकडे जायचंय आणि त्याला मात्र लायसन्स हवंच. एवढं कळलंय की वय २१ पूर्ण हवं, फॉर्म ए-१ भरायचा, मग पोलीस व्हेरिफिकेशन. एका एजंटने सांगितलं सेल्फ डिफेन्स लिहा, लवकर होतं. मला अजिबात पटलं नाही, खरं कारण स्पोर्ट्स आहे तर तेच लिहिणार.

इकडे एमपीत कोणी नुकतंच काढलंय का? क्लबच्या पत्राबरोबर स्कोअरशीट जोडली होती का, सेफ्टी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट कुठून घेतलंत? आणि आई फार घाबरतेय हो, घरात लॉकर कसा बसवलात तेही सांगा प्लीज.