मदत हवी आहे: वासरांची हगवण पोराला लागली, गोठा स्वच्छ कसा करू?

नमस्कार मंडळी. आम्ही वाळवा तालुक्यातले, कृष्णाकाठचे. गोठ्यात सहा एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाई. या महिन्यात तीन वासरं झाली आणि तिन्ही आठव्या-दहाव्या दिवशी हगायला लागली, पिवळं पाण्यासारखं. एक कालवड गेली. चीक वेळेवर पाजला होता हो! अँटिबायोटिकने गुण येईना, तेव्हा डॉक्टरांनी शेण तपासायला लावलं. क्रिप्टोस्पोरिडियम निघाला. हा आतड्यातला परजीवी, त्याला अँटिबायोटिक लागू पडत नाही. आता दूध न तोडता अधूनमधून क्षारांचं पाणी पाजतेय, दोघं तगून आहेत.

पण माझा चार वर्षांचा मुलगा दिवसभर त्या वासरांत असायचा. त्यालाही जुलाब. तपासणीत तेच आलं. औषध, ओआरएस चालू आहे, कालपासून जेवतोय. त्यात सासऱ्यांची केमो चालू आहे. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना हे जिवावर बेतू शकतं, म्हणून झोप नाही. पाणी उकळूनच पितोय, कारण क्लोरीनला हा दाद देत नाही.

जागा वाळली की हा परजीवी मरतो म्हणतात, पण पावसाळ्यात कोबा वाळणार कसा? उकळतं पाणी ओतून संपूर्ण गोठा कुणी धुतलाय का? आमचा उकिरडा विहिरीच्या वरच्या अंगाला आहे, तो आत्ताच हलवू की पाऊस उघडल्यावर? गाभण गाई अजून दोन आहेत, त्यांची वासरं कुठे बांधू? ज्यांनी हे निस्तरलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.